आउटलुकची पीएसटी फाइल पुन्हा पुन्हा का बिघडते, आणि मेल कसे परत मिळवायचे

‘फाइलमध्ये त्रुटी आढळल्या आहेत, मेल वापरणारे सगळे प्रोग्रॅम बंद करा आणि इनबॉक्स रिपेअर टूल चालवा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना पीएसटीबद्दल, म्हणजे आउटलुक कॉम्प्युटरवर ज्या फाइलमध्ये मेल साठवतं तिच्याबद्दल, आली की बहुतेक ऑफिसांत एकच प्रकार होतो. कुणीतरी स्कॅनपीएसटी, म्हणजे तेच रिपेअर टूल, शोधून काढतं, रिपेअर दाबतं, मेल उघडतात आणि सगळे कामाला लागतात. दोन-तीन महिन्यांनी तीच सूचना पुन्हा येते. पुन्हा स्कॅनपीएसटी. दर वेळी थोडे मेल गळतात, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते जीएसटीची नोटीस आल्यावर, जेव्हा तीन वर्षांपूर्वीचं बिल शोधायला बसतात तेव्हा.

स्कॅनपीएसटीने दुरुस्त केलेली फाइल रोजच्या वापरासाठी नसते. तिच्यातून मेल सुखरूप बाहेर काढायचे, नव्या फाइलमध्ये ठेवायचे आणि जुनीला रजा द्यायची. नेमकी हीच पायरी लोक गाळतात, आणि बिघाड पुन्हा पुन्हा येण्यामागे निम्म्याहून अधिक वेळा तेच कारण असतं असं माझं मत आहे.

आपल्याकडे हा त्रास सगळ्यात जास्त होतो तो सीएंची ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले, एमआयडीसीतले छोटे कारखानदार यांना. स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता, होस्टिंगवाल्याने दिलेला लहानसा मेलबॉक्स, आणि तो भरू नये म्हणून पीओपी (सर्व्हरवरून मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण काढून टाकलेली. म्हणजे दहा-बारा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार एका कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये, दुसरीकडे कुठेच नाही.

आधी बघा, फाइल खरंच बिघडली आहे का

‘मेल गेले’ अशी तक्रार आली की मी लगेच दुरुस्तीला हात घालत नाही. बऱ्याचदा मेल जागेवरच असतात.

जुन्या आउटलुकमध्ये ऑटोआर्काइव्ह नावाची सोय होती. ठराविक दिवसांनी ती ‘जुने मेल हलवू का’ म्हणून विचारायची आणि माणूस न वाचता ‘यस’ म्हणायचा. ते मेल आर्काइव्ह नावाच्या वेगळ्या पीएसटीत जाऊन बसतात. पुढे कॉम्प्युटर बदलला, मुख्य पीएसटी नवीन मशीनवर आली, आर्काइव्ह जुन्या मशीनवरच राहिली. जुनं मशीन भंगारात गेलं नसेल तर युझरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक या वाटेने जाऊन बघा. ॲपडेटा लपवलेला असतो, त्यामुळे आधी ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगावं लागतं.

कंपनीचा मेल एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर अकाउंट सेटिंगमध्ये ‘ऑफलाइन किती काळाचे मेल ठेवायचे’ अशी एक सरकपट्टी असते. ती बहुधा एका वर्षावर असते. त्याआधीचे मेल सर्व्हरवर आहेत, फक्त या मशीनवर उतरवलेले नाहीत. पट्टी शेवटपर्यंत सरकवली की काम झालं.

तिसरा प्रकार सर्चचा. मेल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसतो पण शोधल्यावर सापडत नाही, तेव्हा विंडोजचा सर्च इंडेक्स बिघडलेला असतो. तो ‘रीबिल्ड’ करायचा. त्यात पीएसटीचा काही दोष नाही.

आणि ०एक्स८००४०१०एफ हा कोड दिसला तर बहुधा बिघाड फाइलमध्ये नसून पत्त्यात असतो: प्रोफाइल (आउटलुकमधली तुमच्या खात्यांची आणि फाइलींची नोंद) ज्या ठिकाणी फाइल शोधतंय तिथे ती मिळत नाहीये. कंट्रोल पॅनलमध्ये ‘मेल’ उघडून फाइलचा खरा ठिकाणा दाखवा किंवा नवं प्रोफाइल करा. याउलट ०एक्स८००४०६०० आला, तर मात्र पुढे वाचा.

पीएसटी की ओएसटी?

दोन्ही फाइली दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा इलाज वेगळा आहे. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची स्थानिक प्रत. ती बिघडली तर दुरुस्त करत बसू नका. आउटलुक बंद करा, फाइलचं नाव बदला, आउटलुक सुरू करा, सर्व्हरवरून नवी प्रत तयार होईल. इंटरनेट मंद असेल तर वेळ लागेल, एवढंच.

मी ‘नाव बदला’ म्हणतोय, ‘डिलीट करा’ नाही. आउटलुक २०१३ पासून आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या मशीनवर दाखवणारी पद्धत) खात्यांसाठीही ओएसटी वापरली जाते, आणि त्या खात्यात कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्सच्या नावापुढे कंसात ‘फक्त हा कॉम्प्युटर’ अशा अर्थाची इंग्रजी नोंद असते. ती खरी आहे. आयमॅप सर्व्हर फक्त मेल सांभाळतो, म्हणून त्या भेटींच्या नोंदी आणि फोन नंबर त्या ओएसटीशिवाय कुठेच नसतात. फाइल डिलीट केली आणि मग साहेबांनी ‘माझे कॉन्टॅक्ट्स कुठे गेले’ असं विचारलं, तर उत्तर देणं अवघड जातं.

पीएसटीचं तसं नाही. तिच्यातला माल दुसरीकडे असेलच याची खात्री नसते, म्हणून यापुढचं सगळं पीएसटीबद्दल.

हात लावण्याआधी प्रत

स्कॅनपीएसटी मूळ फाइलमध्येच बदल करतं. जो तुकडा त्याला समजत नाही तो ते टाकून देतं. तेव्हा मूळ फाइलची अस्पर्श प्रत आधी, बाकी सगळं नंतर. आणि दुरुस्तीही प्रतीवरच.

आउटलुक बंद करा आणि टास्क मॅनेजर उघडून खरंच बंद झालंय का ते बघा. खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम मागे चालू असू शकतो, विशेषतः एखादं ॲड-इन अडकलं असेल तर. मग फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पेन ड्राइव्हवर करायला गेलात आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं, तर ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे; त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

कॉपी होता होता ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा एरर आला, किंवा हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली, तर तिथेच थांबा. दोष फाइलचा नसून डिस्कचा आहे. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवायचा मोह आवरा. मरणाऱ्या डिस्कवर ते जास्तच नुकसान करू शकतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि लिनक्समधल्या डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने तिची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) घ्यायची. तो आधी चांगले भाग उचलतो आणि खराब सेक्टरांकडे नंतर वळतो. डिस्क ओळखलीच जात नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, घरी उघडू नका.

स्कॅनपीएसटी चालवताना

हा प्रोग्रॅम ऑफिससोबतच येतो, डाउनलोड करावा लागत नाही. ऑफिस २०१६ पासून पुढे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तो प्रोग्रॅम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ या फोल्डरमध्ये सापडतो. ऑफिस ३२ बिटचं असेल तर ‘एक्स८६’ लिहिलेल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये बघा. स्टार्ट मेनूत तो दिसत नाही. ‘स्कॅनपीएसटी मोफत डाउनलोड’ म्हणणाऱ्या साइटवरून तो कधीच घेऊ नका.

तो नेमकं काय करतो हे थोडं समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. पीएसटीत मेल म्हणजे सुटे ब्लॉक असतात, आणि कुठला ब्लॉक कुठे आहे, कुठल्या फोल्डरचा आहे, याच्या दोन झाडासारख्या याद्या असतात. शिवाय दर सुमारे २४८ केबीनंतर एक नकाशा असतो: कुठली जागा भरलेली, कुठली मोकळी. लाइट गेली किंवा मशीन अर्ध्यात बंद पडलं की ब्लॉक लिहिला जातो पण नोंद करायची राहून जाते, किंवा नोंद होते आणि ब्लॉक नसतो. व्हाउचरं कपाटात आहेत पण खतावणीचं पान फाटलंय, तसं. नुसता नकाशाच बिघडला असेल तर आउटलुक तो स्वतः बांधून घेतं. ‘फाइल नीट बंद झाली नव्हती, तपासत आहे’ असा निरोप अधूनमधून दिसतो तो हाच. याद्या बिघडल्या की स्कॅनपीएसटी लागतं.

प्रतीवर तपासणी सुरू केली की ती आठ टप्प्यांत पुढे सरकते. फाइल मोठी आणि साधी हार्ड डिस्क असेल तर तासन् तास जातात. मधे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं तरी घाईने बंद करू नका. संध्याकाळी लावून घरी जावं हे उत्तम. तपासणी संपली की दोनपैकी एक निकाल येतो. ‘किरकोळ विसंगती आहेत, दुरुस्ती ऐच्छिक’ असं म्हणत असेल तर फार काळजी नको, पण दुरुस्ती करून घ्या. ‘त्रुटी आढळल्या’ म्हणत असेल तर रिपेअर दाबण्याआधी एक मिनिट थांबून ‘डिटेल्स’ उघडा.

तिथे किती फोल्डर आणि किती आयटम सापडले याचे आकडे असतात. सगळ्यात महत्त्वाचं तेच. चाळीस-पन्नास फोल्डर असलेल्या फाइलमध्ये ते तेवढेच सापडले, आयटम काही हजारांत आहेत, तर निर्धास्त दाबा. पण १५ जीबीच्या फाइलमध्ये दोन-चार फोल्डर आणि मूठभर आयटम असा आकडा आला तर रिपेअर दाबू नका. त्याला याद्या वाचताच आलेल्या नाहीत, आणि जे वाचता येत नाही ते टाकून देऊन तो तुमच्या हातात जवळपास रिकामी फाइल ठेवेल. अशा वेळी पुढच्या भागातल्या वाटेने जा.

रिपेअर करताना बॅकअपची खूण तशीच ठेवा. आपली प्रत असली तरी. त्याची बॅकअप फाइल मूळ फाइलएवढीच होते, म्हणून डिस्कवर किमान दोन-तीन पट जागा मोकळी हवी. एकदा झालं की पुन्हा तपासणी चालवा, आणि त्रुटी येत राहिल्या तर पुन्हा दुरुस्ती. एका फेरीत काम भागेल असं समजू नका. पहिल्या फेरीत यादी सुधारली की दुसरीत आधी न दिसलेल्या गोष्टी दिसतात. पण फेरीगणिक आयटमचा आकडा उतरायला लागला तर थांबा आणि त्याआधीची प्रत हाती घ्या. त्याच फोल्डरमध्ये लॉग फाइल तयार होते. तिच्यातल्या दोन उद्गारचिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी गंभीर, दोन प्रश्नचिन्हांच्या त्यामानाने साध्या.

आता ती गाळली जाणारी पायरी. दुरुस्त झालेली प्रत आउटलुकमध्ये ‘ओपन डेटा फाइल’ने उघडा. डाव्या पट्टीत ‘लॉस्ट अँड फाउंड’ किंवा ‘रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स’ दिसलं तर आधी ते बघा, पालक फोल्डर हरवलेले मेल तिथे टाकलेले असतात. मग ‘न्यू डेटा फाइल’ने एक नवी कोरी पीएसटी करा आणि फोल्डर एकेक करून तिच्यात कॉपी करा. सगळं एकदम ओढू नका. एखाद्या फोल्डरवर आउटलुक अडकलं तर त्यात एखादा मेल मोडका आहे. तारखेने लावून वर्षावर्षाचे तुकडे कॉपी करा, अडकणारा तुकडा अर्धा-अर्धा करत जा, मोडका मेल सापडतो. तो सोडून द्या, त्याच्यापायी बाकीचे पाच हजार मेल अडवू नका.

शेवटी नवी फाइल ‘डीफॉल्ट’ करा आणि पीओपी खात्याचे मेल तिच्यात पडतील असं ‘चेंज फोल्डर’मधून सांगा. जुने रूल्स (मेल आपोआप फोल्डरांत लावणारे नियम) जुन्या फाइलच्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतात, ते पुन्हा जोडावे लागतील. ‘टू’मध्ये पहिलं अक्षर टाकल्यावर येणारी नावांची यादीही रिकामी दिसू शकते. गंमत म्हणजे हरवलेल्या मेलपेक्षा या यादीवरून जास्त आरडाओरडा होतो, त्यामुळे आधीच सांगून ठेवा. आणि नवं प्रोफाइल केलं, तर सर्व्हरवर शिल्लक असलेले मेल पुन्हा उतरून दुबार दिसतील.

‘ही पर्सनल फोल्डर्स फाइल नाही’ असं स्कॅनपीएसटी म्हणालं तर

याचा अर्थ फाइलचं तोंडच गेलंय. एखाद्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) प्रत उघडून पहिले चार बाइट बघा. तिथे उद्गारचिन्ह आणि त्यामागे बी, डी, एन ही इंग्रजी अक्षरं दिसायला हवीत. सगळी शून्यं दिसली तर खाली स्क्रोल करा. बऱ्याच खालपर्यंत शून्यंच असतील तर डेटा त्या फाइलमध्ये नाहीच. कॉपी अर्धवट झाली असेल किंवा डिस्कने जागा राखली आणि मजकूर लिहिलाच नसेल. मग दुसरा बॅकअप शोधणं हाच मार्ग. खाली अगम्य अक्षरांची गर्दी दिसली तर आशा आहे. ती अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नका: आउटलुक मुळातच मजकुरातली अक्षरं ठरलेल्या तक्त्याने अदलाबदल करून ठेवतं, त्यामुळे चांगल्या पीएसटीतही नाव-गाव शोधून सापडत नाही.

मायक्रोसॉफ्टने पीएसटीची रचना २०१० मध्ये जाहीर केली, म्हणून तिला वाचणारी बाहेरची साधनंही आहेत. लिनक्सवर रीडपीएसटी नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. स्कॅनपीएसटीचे आकडे संशयास्पद असतील तेव्हा मी आधी हा चालवून बघतो. तो फक्त वाचतो, मूळ फाइलमध्ये काही बदलत नाही, आणि प्रत्येक फोल्डरची एमबॉक्स फाइल काढतो जी थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये उघडता येते. काही वेळा स्कॅनपीएसटीने सोडून दिलेलं यातून निघतं, काही वेळा नाही.

ते नाही जमलं तर विकतची सॉफ्टवेअरं. डेमोमध्ये बहुधा मेलची यादी दिसते आणि सेव्ह करायला पैसे लागतात. पैसे भरण्याआधी डेमोत एखाददुसऱ्या मेलचा मजकूर आणि अटॅचमेंट प्रत्यक्ष उघडतेय का ते बघा. नुसत्या विषयांच्या यादीला भुलू नका. आणि ‘फाइल अपलोड करा, आम्ही दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटना पीएसटी देऊ नका. त्यात अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं सगळं असतं. पीएसटीला लावलेला पासवर्ड त्यापुढे काहीच नाही, तो सहज निघतो.

डिलीट झालेले मेल

फाइल धडधाकट आहे पण मेल उडवला गेला, तर गोष्ट वेगळी. एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जाऊन ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ बघा. ॲडमिनने वाढवली नसेल तर मुदत १४ दिवस, जास्तीत जास्त ३०. जीमेलच्या बिनमध्ये ३० दिवस.

पीओपीवर अशी सोय नाही. आउटलुकने जागा अजून दुसऱ्या मेलला दिली नसेल तर डिलीट केलेला मेल फाइलमध्ये पडून असतो, आणि विकतची साधनं तो काढू शकतात. म्हणून चुकून मोठा फोल्डर उडवला तर लगेच आउटलुक बंद करा, ‘कॉम्पॅक्ट नाउ’ (फाइलमधली मोकळी जागा काढून टाकणारं बटण) तर मुळीच दाबू नका. पण पीएसटी फाइलच डिलीट झाली आणि ती एसएसडीवर होती, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरकडून फार अपेक्षा नको. विंडोज अशा डिस्कला ट्रिम आज्ञा देऊन मोकळी जागा पुसायला सांगतं. जुन्या फिरत्या डिस्कवर ही अडचण नव्हती.

यापेक्षा सोपी वाट लोकांना सुचत नाही: समोरच्याकडे मागा. त्याच्या ‘सेंट’मध्ये तो मेल असतो. शिवाय फोनवर तोच पत्ता जोडलेला असेल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि मग मेल ॲप उघडा, सिंक होऊन उडण्याआधी.

थंडरबर्डवाल्यांचं नशीब बरं. तिथे फोल्डर म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. फोल्डर रिकामा किंवा विचित्र दिसायला लागला तर प्रॉपर्टीजमध्ये ‘रिपेअर फोल्डर’ दाबा, तेवढ्याने अनुक्रमणिका नव्याने बनते. डिलीट केलेला मेलही कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या फाइलमध्ये जसाच्या तसा असतो, टेक्स्ट एडिटरने वाचता येतो.

पुन्हा बिघडू नये म्हणून

फाइल कुठे ठेवली आहे ते पहिलं बघा. आउटलुक २०१० पासून नवी पीएसटी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये तयार होते, आणि हल्ली विंडोज डॉक्युमेंट्स सगळाच्या सगळा वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) जोडून टाकतं. आउटलुक लिहितंय आणि वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला बघतंय, ही ओढाताण पीएसटीला सोसत नाही. डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून तिथे हलवा. सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमधून पीएसटी उघडणंही तितकंच वाईट. नेटवर्कवरून पीएसटी वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. ‘दोघांना दिसावी’ म्हणून फाइल शेअरवर ठेवणाऱ्यांना खरं तर आयमॅपची गरज असते.

आकारही बघा. आउटलुक २००२ पर्यंतच्या फाइलची मर्यादा २ जीबी होती, आणि ती ओलांडली की फाइल उघडतच नसे. तशी जुनी फाइल नव्या आउटलुकमध्येही जुनीच राहते. डेटा फाइलच्या सेटिंगमध्ये ‘९७-२००२’ लिहिलेलं दिसलं तर आजच नवी फाइल करून मेल तिकडे न्या. २०१० पासून मर्यादा ५० जीबी आहे. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमधून) ती वाढवण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. माझा सल्ला, वाढवू नका. आर्थिक वर्षाला एक फाइल करा. चालू वर्षाची तेवढी रोज लिहिली जाते, बाकीच्या शांत राहतात.

उरली वीज. वळवाच्या दिवसांत ऑफिसात दुपारी तीन-चारदा लाइट जाते, आणि ‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असं सांगितलं जातं. पण लाइट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होतं का ते विचारा. होत असेल तर इन्व्हर्टर साध्या मोडवर आहे. पंखा-दिव्याला चालतो, कॉम्प्युटरला त्याची बदली उशिरा होते. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावा. वेगळा यूपीएस असेल तर त्याची बॅटरी जिवंत आहे का ते प्लग काढून बघा, पण आउटलुक बंद करून.

बॅकअप आउटलुक बंद असतानाच घ्या, उघड्या फाइलची कॉपी अर्धवट निघू शकते. जेवणाच्या सुट्टीत आउटलुक बंद करून एक्स्टर्नल डिस्कवर चालू वर्षाची फाइल टाकायला फार वेळ लागत नाही. तारखेप्रमाणे दोन-तीन जुन्या प्रती ठेवा, एकाच प्रतीवर रोज नवी चढवू नका. बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर गेली की बॅकअप असून नसल्यासारखा. आणि आज दुरुस्तीआधी काढलेली ती अस्पर्श प्रत निदान पुढचं ऑडिट होईपर्यंत डिलीट करू नका.